फ्लॉरेन्समध्ये दोघांसाठी चार दिवस: रोज सकाळी एकच मोठी गोष्ट

ताई, तुमचा बेत असा आहे: तुम्ही दोघं साठीच्या आसपास, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी रोमहून फ्लॉरेन्सला पोचणार आणि मंगळवारी व्हेनिसला निघणार. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवलीत, यजमान सिव्हिल इंजिनिअर. त्यांना जिने चढायचं काही वाटत नाही, तुमचे गुडघे मात्र त्रास देतात. दोघंही शाकाहारी, केक-बिस्किटातलं अंडं चालतं. यादीत उफिझी चित्रसंग्रहालय, दुओमो कॅथीड्रल, मायकेलँजेलोचा डेव्हिड, पिट्टी राजवाडा, बोबोली बाग, पिसा, सिएना, सान जिमिन्यानो आणि चिंक्वे तेर्रे आहे. हे सगळं चार दिवसांत बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

बसवता येतं. पण मराठी मंडळींना घेऊन या शहरात बरीच वर्षं फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय: फ्लॉरेन्समध्ये पाय थकायच्या आधी डोळे थकतात. जुनं शहर एवढंसं आहे की स्टेशनपासून पोन्ते वेक्कियो पुलापर्यंत रमतगमत वीस मिनिटांत पोचाल. पण तेवढ्या जागेत जे भरलंय ते एकापाठोपाठ एक पाहत सुटलं की तिसऱ्या चर्चमध्ये माणूस नुसता छताकडे बघून बाहेर येतो. म्हणून रोज सकाळी एकच मोठी गोष्ट पाहा. दुपारी जेवून खोलीवर तास-दोन तास पडा. संध्याकाळी तिकीट लागणार नाही असं काहीतरी, पाय नेतील तिकडे. आणि जोडप्यांना मी आवर्जून सांगते की दिवसातले दोन-तीन तास वेगवेगळे घालवायला संकोच करू नका. तुमच्या बाबतीत तर त्याला सबळ कारण आहे, ते पुढे येईलच.

या हिशेबाने चिंक्वे तेर्रे काढून टाका. जायला अडीच तास, यायला अडीच तास, आणि ती गावं म्हणजे समुद्रकाठच्या कड्यांवरच्या पायऱ्याच पायऱ्या. सान जिमिन्यानोला वाटेत गाडी बदलावी लागते, तेही राहू द्या. सिएना फार सुंदर, पण सगळं गाव टेकड्यांवर चढउताराचं. तिथे कधीतरी मुक्कामालाच जा. पिट्टी आणि बोबोली या खेपेला नको. बोबोली नावाला बाग, पण आत बराच चढ आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या: उफिझी आणि डेव्हिडचं अकादेमिया म्युझियम सोमवारी बंद. दुओमो कॅथीड्रल रविवारी प्रार्थनेसाठी असतं आणि घुमटाच्या वेळाही त्या दिवशी कमी. म्हणजे शुक्रवारी उफिझी, शनिवारी दुओमो, रविवारी नदीकाठ आणि टेकडी, सोमवारी गावाबाहेर. बेत आपोआप जुळतो.

गुरुवार. रोम तेर्मिनीहून जलद गाडी दीड तासात येते. तिकीट काढताना स्टेशनचं नाव ‘फिरेन्झे सांता मारिया नोव्हेला’ आहे ना, ते बघा. कांपो दि मार्ते किंवा रिफ्रेदीला उतरलात तर सामान घेऊन पुन्हा खटाटोप. सामान हॉटेलवर टाका, चहा घ्या, आणि साडेचारच्या सुमारास स्टेशनसमोरच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये जा. पोचल्या दिवशी एवढं एकच.

तिथे डावीकडच्या भिंतीवर मासाच्चोचं ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र आहे, 1427 च्या सुमाराचं. यथार्थदर्शनाचे नियम इतक्या काटेकोरपणे पाळून काढलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी हे एक. तुम्ही फळ्यावर मुलांना लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात तो बिंदू, समजावून सांगितला असेल. इथे तो जवळपास आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, क्रुसाच्या पायथ्याशी ठेवलाय. त्यामुळे वरची चौकटीचौकटींची कमान भिंत फोडून आत गेल्यासारखी दिसते. यजमानांना म्हणावं, कमानीच्या चौकटी वर जाताना कशा लहान होत जातात ते मोजा. खाली दगडी पेटीवर सांगाडा रंगवलाय आणि त्यावर लिहिलंय की तुम्ही आज जे आहात ते मी एकेकाळी होतो, आणि मी आज जो आहे ते तुम्हीही व्हाल. सोळाव्या शतकात वेदी उभारताना हे चित्र झाकलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा सापडलं. मासाच्चो गेला तेव्हा त्याचं वय होतं सत्तावीसच्या आसपास. हे आधी पाहिलं की पुढे उफिझीत काय चाललंय ते उमगायला सोपं जातं, म्हणून मी सुरुवात नेहमी इथून करते.

अंधार पडताना नदीवर जा. पोन्ते वेक्कियोवर गर्दी असतेच, पण तो पूल दिसतो शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून. पोन्ते वेक्कियो 1345 चा. आधी त्यावर खाटकांची दुकानं होती, 1593 मध्ये इथल्या सत्ताधारी मेदिची घराण्यातल्या फेर्दिनांदोने ती उठवून सोनारांना जागा दिली. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. तुम्ही ज्या सांता त्रिनितावर उभ्या असाल तोही त्यात गेला. नंतर लोकांनी नदीतून जुने दगड काढून तो 1958 मध्ये जसाच्या तसा उभा केला. पुलाच्या कोपऱ्यावरच्या ‘वसंत’ या पुतळ्याचं डोकं तेवढं मिळेना, ते 1961 मध्ये नदीच्या तळात सापडलं. मानेवरचा सांधा जवळ गेल्यास दिसतो.

शुक्रवार, उफिझी. सकाळी सव्वाआठची वेळ घ्या. ही इमारत वासारीने 1560 पासून कोझिमो मेदिचीच्या सरकारी कचेऱ्यांसाठी बांधली. दालनं वरच्या मजल्यावर आहेत आणि तिथे नेणारा जिना मोठा आहे. गुडघ्यांचं सांगितलंत तर लिफ्टने सोडतात. दारावरच विचारा, लाजू नका.

आत गेल्यावर सगळं बघायचं नाही. सुरुवातीच्या दालनात सिंहासनावर बसलेल्या मेरीची तीन प्रचंड चित्रं आहेत: चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तोची. तिन्ही साधारण तीस वर्षांतली. तिथे बराच वेळ काढा. पहिल्या दोघींचं अंग सोनेरी रेघांमध्ये तरंगतंय. जॉत्तोची मेरी मात्र बसली आहे. कपड्याखाली गुडघे जाणवतात, मांडीचा भार आसनावर पडलेला दिसतो. पुढची दोनशे वर्षं या शहराने जे काही केलं त्याची सुरुवात त्या गुडघ्यांत आहे. मग पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे उर्बिनोचे सरदार आणि त्यांची पत्नी, एकमेकांकडे तोंड केलेले. त्यानंतर बॉटिचेली. ‘वसंत’ लाकडी फळ्यांवर आहे आणि ‘व्हीनसचा जन्म’ कापडावर, हा फरक छापील चित्रांत कळत नाही. व्हीनसच्या केसांत सोन्याच्या बारीक रेघा आहेत, त्या दिसायला चित्रासमोर मधोमध न थांबता थोडं बाजूला सरकून उभं राहा. पुढे लिओनार्दोचं ‘शुभवार्ता’ आणि मायकेलँजेलोचं गोल चित्र. एवढ्यावर गच्चीवरच्या कॅफेत कॉफी घ्या. नंतर हुशारी वाटली तर खाली कारावाज्जोची मेदूसा आहे; नाही वाटली तर खुशाल बाहेर पडा.

हे सगळं आज फ्लॉरेन्समध्येच आहे याचं श्रेय एका बाईला जातं. मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुईझा हिने 1737 मध्ये करार केला की घराण्याचा हा सगळा संग्रह राज्याला मिळेल, पण त्यातली एकही वस्तू शहराबाहेर जायची नाही. राज्य परक्या घराण्याकडे गेलं, चित्रं जागची हलली नाहीत.

संध्याकाळी नदी ओलांडून ओल्त्रार्नो भागात जा. सांतो स्पिरितोच्या चौकात बसा, गल्ल्यांमधून चौकटी घडवणाऱ्यांची आणि चामड्याच्या कारागिरांची दुकानं बघा. शेजारच्या कार्मिने चर्चमधल्या ब्रांकाच्ची देवघरात मासाच्चोचीच भित्तिचित्रं आहेत, आणि गुरुवारी जे आवडलं ते इथे दुप्पट आवडेल. त्याची वेळ आधी ठरवावी लागते, आणि दुपार उलटल्यावरची मिळाली तर उत्तम.

शनिवार, दुओमो. इथे तुम्ही दोघांनी वेगळं व्हायचं.

घुमटाला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वाट अरुंद आहे आणि मध्येच दमलं म्हणून परत फिरणं अवघड. तुम्ही चढू नका. यजमानांनी मात्र चढलंच पाहिजे. कॅथीड्रलचं काम 1296 मध्ये सुरू झालं, भिंती उठल्या, वर अष्टकोनी भोक राहिलं, सुमारे 45 मीटर रुंद, आणि ते बंद कसं करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. एवढ्या गाळ्याला जमिनीपासून लाकडी सेंटरिंग, म्हणजे बांधकाम पेलणारा तात्पुरता सांगाडा, लावायचं तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? 1418 मध्ये स्पर्धा झाली, 1420 मध्ये काम सुरू झालं, आणि ब्रुनेलेस्कीने सेंटरिंगशिवाय घुमट 1436 पर्यंत पुरा केला. तो मुळात सोनारकाम शिकलेला. त्याने घुमटाची दोन कवचं केली, आत जाड आणि बाहेर पातळ, मधे माणूस चालेल एवढी जागा. चढायचा जिना त्या जागेतूनच जातो. तिथे हात लावता येईल इतक्या जवळ विटांची रचना दिसते: आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर विटा उभ्या घातल्यात, आणि प्रत्येक थरात ती उभी वीट एकेक घर सरकते, त्यामुळे माशाच्या काट्यासारखी तिरकी नक्षी वर चढत जाते. चुना ओला असताना आतल्या बाजूला झुकलेल्या विटा घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा त्यांना अडवून धरतात. थराचं कडं पुरं झालं की ते स्वतःच्या बळावर उभं राहतं आणि त्यावर पुढचं. शिवाय घुमट फाकू नये म्हणून भिंतींच्या आत दगडांच्या साखळ्या आणि एक लाकडाची साखळी आहे. वर जाताना मधे आतल्या सज्ज्यावरून फिरावं लागतं. तिथे वासारी आणि झुक्कारीने रंगवलेला ‘अंतिम निवाडा’ डोक्याला लागेल इतका जवळ येतो. यजमानांना हृदयाचा किंवा बंद जागेचा त्रास असेल तर जाऊ नये, नाहीतर सकाळची पहिली वेळ घ्यावी.

ते वर असताना तुम्ही पाठीमागच्या ‘म्युझेओ देल्ल ऑपेरा’मध्ये जा. तिकीट त्याच पासमध्ये आहे, लिफ्ट आहे, गर्दी कमी, बसायला बाकं. तुमच्यासाठी हे या शहरातलं सर्वांत चांगलं ठिकाण आहे, असं मी खात्रीने सांगते. बाप्तिस्मागृहाची गिबेर्तीची सोनेरी दारं मूळची इथे आहेत. बाहेर चौकात लोक फोटो काढतात ती प्रतिकृती. ब्राँझचे दहा चौकोन, 1425 पासून 1452 पर्यंत चाललेलं काम. एकच चौकोन निवडा, बायबलमधल्या याकोब आणि एसाव या भावांचा. पुढची माणसं जवळजवळ पूर्ण गोलाईत सुटी उभी आहेत, त्यांच्यामागची अर्धी, आणि कमानीखालची तर नुसत्या खरवडलेल्या रेघा. बोटभर जाडीत एवढी खोली! दाराच्या चौकटीतून एक टकलू गृहस्थ डोकं बाहेर काढून बघतोय, तो स्वतः गिबेर्ती. मग दोनातेल्लोची लाकडी माग्दालेना आणि मायकेलँजेलोने स्वतःच्या थडग्यासाठी घेतलेली, नंतर स्वतःच हातोडा घालून फोडलेली ‘पिएता’. मागून आधार देणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याचा स्वतःचाच. ब्रुनेलेस्कीच्या कामाच्या वेळची अवजारं आणि घुमटाचे लाकडी नमुनेही इथेच, तेव्हा खाली उतरल्यावर यजमानांनी इकडेच यावं. वरच्या गच्चीतून घुमट अगदी समोर दिसतो.

संध्याकाळी पाचनंतरची वेळ अकादेमियासाठी घ्या. तोवर सहलींचे जथे पांगलेले असतात. डेव्हिड 5.17 मीटर उंच, 1501 ते 1504 मध्ये घडवलेला, तोही आधी दुसऱ्या शिल्पकारांनी हात घालून सोडून दिलेल्या संगमरवरात. डेव्हिडकडे जाताना दुतर्फा अर्धवट राहिलेले ‘बंदिवान’ आहेत. छिन्नीचे दातेरी घाव कोणत्या दिशेने गेलेत ते त्यांच्यावर स्पष्ट दिसतं, आणि एवढ्यासाठी मला ते डेव्हिडइतकेच मोलाचे वाटतात.

रविवार. सकाळी टॅक्सी करून कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला जा. ट्रामने बागेच्या अलीकडच्या टोकाशी उतरता येतं, पण तिथून सपाट असलं तरी पुष्कळ चालणं आहे. ड्रायव्हरला ‘मोनुमेंतो ऑल इंदियानो’ म्हणून सांगा. मराठी माणसांना मी तिथे नेल्याशिवाय राहत नाही.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव नव्हेत, करवीर गादीवरचे त्यांच्या पुष्कळ नंतरचे) 1870 मध्ये इंग्लंडला गेले. वय वीस. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, संस्था, शाळा, कारखाने पाहिले, रोजनिशी लिहिली. ती पुढे 1872 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर युरोपात ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. परमुलुखात, थंडीच्या दिवसांत, बरोबरच्या मोजक्या मंडळींनी संगमाची जागा शोधली आणि आपल्या राजाचे विधी केले, हे तिथे उभं राहिल्यावर मनाला लागतं.

1874 मध्ये त्या जागी स्मारक झालं. चार खांबांची छत्री, आत पागोटं आणि दागिने ल्यालेल्या तरुण राजाचा अर्धपुतळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँटच्याच आराखड्यावर उभा आहे. पलीकडे नदीवर 1970 च्या दशकातला तारांच्या आधारावरचा मोठा पूल आहे, त्याचं नाव ‘पोन्ते ऑल इंदियानो’. त्याच्यावरून रोज हजारो गाड्या जातात-येतात, आणि तो ‘इंदियानो’ म्हणजे आपला करवीरचा राजा हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. फुलं न्यायची असतील तर शनिवारीच घेऊन ठेवा. आणि टॅक्सीला थांबायला सांगा; फ्लॉरेन्समध्ये रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळत नाही, अड्ड्यावरून किंवा फोन करून घ्यावी लागते.

दुपारी विश्रांती. नंतर 12 नंबरच्या बसने टेकडीवर सान मिनियातो चर्चला जा. पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचा दर्शनी भाग, अकराव्या शतकात बांधायला घेतलेलं चर्च, आत जमिनीवर 1207 मध्ये जडवलेलं राशीचक्र. बसथांब्यापासून वर काही पायऱ्या आहेत, सावकाश चढा. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिथले साधू लॅटिन स्तोत्रं गातात. वेळ दारावर लावलेली असते. नंतर उतारावरून खालच्या पियाझ्झाले मायकेलँजेलोवर या. अख्खं शहर समोर, मधोमध तो विटांचा घुमट.

सोमवार. म्युझियमं बंद, तेव्हा लुक्का आणि पिसा. आधी रेल्वेने लुक्का, सव्वा-दीड तास. गाव सपाट आहे आणि भोवती चार किलोमीटरचा रुंद तट, वर झाडांची सावली आणि बाकं. गुडघ्यांना अजिबात त्रास नाही. जेवून पिसाची गाडी धरा, पण मुख्य स्टेशनला न जाता अलीकडे पिसा सान रोस्सोरेला उतरा, मनोरा तिथून पाच-दहा मिनिटांवर. मनोऱ्याचं काम 1173 मध्ये सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं न जातं तोच पाया एका बाजूने खचायला लागला. 1990 मध्ये धोका वाढल्याने तो बंद केला. उत्तरेकडच्या बाजूखालची माती नळ्यांनी थोडी थोडी काढून घेतली, तशी इमारत आपल्याच वजनाने जवळपास 40 सेंटिमीटर मागे आली, आणि 2001 मध्ये मनोरा पुन्हा उघडला. यजमानांना हे वाचून ठेवायला सांगा, मग नुसता टेकू देणारा फोटो काढून परतावंसं वाटणार नाही. रेल्वेचं छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशिनवर ठसा मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

आता जेवण. लोक उगाच घाबरून थेपले आणि खाकऱ्यांनी बॅग भरतात. तोस्कानाचं जुनं घरगुती खाणं शेतकऱ्यांचं आहे, आणि त्यात मांस रोजचं नव्हतं. रिबोल्लीता म्हणजे शिळा पाव, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि काळी केल ही पालेभाजी यांचं दाट सूप, पुन्हा उकळून केलेलं. आपल्या पोळीच्या कुस्कऱ्याचं भावंड म्हणा. पाप्पा अल पोमोदोरो हा टोमॅटो आणि पावाचा मऊ काला, वर ऑलिव्हचं हिरवं तेल. ऑक्टोबरमध्ये काळ्या द्राक्षांची स्कियाच्चाता बेकरीत मिळते, आणि शिंगाड्यासारख्या चेस्टनटच्या पिठाचा रोझमेरी घातलेला कास्तान्याच्चो, त्यात अंडंही नसतं. पिसाला चेचीना खा: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल, भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. इथला पाव मात्र बिनमिठाचा असतो, आचाऱ्याची चूक समजू नका.

जपायचं ते एवढंच. सुपाला मांसाचं पाणी आहे का ते विचारा, ‘ब्रोदो वेजेताले?’ एवढं पुरतं. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. ‘क्रोस्तिनी तोस्कानी’ दिसायला निरागस, पण त्यावर कोंबडीच्या काळजाचा लगदा असतो. पार्मेझान चीजमध्ये दूध साकळायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘सेन्झा पार्मिजानो’ म्हणावं. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती बसण्याची आकारणी आहे. कॉफी काउंटरशी उभ्याने घेतली तर बरीच स्वस्त पडते, आणि तिथलं स्वच्छतागृहही वापरता येतं. या वयात हे मोलाचं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळणं कठीण. प्यायचं पाणी विकत घ्यायची गरज नाही, सिन्योरिया चौकात नळावर साधं आणि सोड्याचंही फुकट मिळतं.

हॉटेल निवडताना लिफ्ट आहे का आणि ती रस्त्यापासूनच सुरू होते का, हे स्पष्ट विचारा. जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच एक मजला चढावा लागतो, आणि तिथला ‘पहिला मजला’ म्हणजे जिना चढून जायचा मजला. जागा स्टेशन आणि दुओमोच्या मधली घ्या. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा जाड तळाचे, वापरलेले बूट. घडीची छत्री न्या, ऑक्टोबरमध्ये पाऊस येतो. राहण्याचा शहरकर माणशी रोजचा वेगळा भरावा लागतो.

मंगळवारची व्हेनिसची गाडी दुपारची करता आली तर सकाळी सान मार्को मठ बघा. तो दुपारी दोनच्या आत बंद होतो. जिन्याचं वळण घेतलं की वर समोर फ्रा अँजेलिकोची ‘शुभवार्ता’ दिसते, आणि पुढे एकेका कोठडीत भिंतीवर एकेकच चित्र, आत राहणाऱ्या साधूसाठी काढलेलं.

तिकिटं ज्या-त्या म्युझियमच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. मधले लोक तीच तिकिटं दुप्पट-तिप्पट दराने विकतात. उफिझीचं साधारण 25 युरो अधिक आरक्षणाचे थोडे, आणि घुमटासकट दुओमोचा पास साधारण 30 युरो; दर बदलतात, काढताना बघून घ्या. तुमच्यासाठी घुमट नसलेला स्वस्त पास घ्या, म्युझियम त्यात येतं. सर्वांत आधी संपतात त्या घुमटाच्या सकाळच्या वेळा, म्हणून शनिवारची वेळ आधी पक्की करा, मग उफिझी, मग अकादेमिया आणि ब्रांकाच्ची. लुक्का-पिसाच्या गाड्यांचं आरक्षण लागत नाही.